ग्रॅफिटीची सुरुवात कशी करायची आणि क्रूमध्ये कसं घेतात?

भांडुपच्या एका बारावी झालेल्या मुलाने विचारलंय: ताई, ग्रॅफिटी रायटर सुरुवात कुठून करतात? क्रूमध्ये शिरायचं तर कुणाला भेटायचं? टॅग इंग्रजीतच लागतो का? आणि घरी काय सांगायचं? चारही प्रश्न रास्त आहेत. (रायटर म्हणजे भिंतीवर आपलं नाव रंगवणारा, क्रू म्हणजे अशांचा गट, आणि टॅग म्हणजे त्या नावाची सही.) मी बरीच वर्षं मुंबईच्या भिंतींवर लिहितेय, एका क्रूमध्ये आहे आणि आता भिंती रंगवायची कामंही घेते. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

क्रूचं आधी बोलते, कारण तुझ्या प्रश्नात सगळ्यात जास्त घाई त्याचीच दिसते. क्रूमध्ये कुणी अर्ज करून येत नाही, 'मला घ्या' असा मेसेज पाठवूनही येत नाही. मुंबईत अक्षरं लिहिणारी माणसं मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी. कुणाचा हात कसा चालतो हे भिंत बघून कळतं. एखाद्याचं अक्षर दोन-तीन ठिकाणी नजरेत भरलं, तो सांगितलेल्या वेळेला आला, काम संपल्यावर स्प्रेचे रिकामे डबे गोळा करायला थांबला आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल नीट बोलला, की कधीतरी कुणीतरी म्हणतं, 'रविवारी माहीमला ये, रोलर घेऊन ये.' आमच्यात आमंत्रण ते एवढंच. त्यानंतर बरेच रविवार जातात. मग एका भिंतीवर तुझ्या नावाशेजारी क्रूच्या नावाची अक्षरं दुसराच कुणीतरी लिहितो. ती आपण होऊन लिहायची नसतात. न विचारता ज्याने लिहिली, त्याला पुन्हा भिंतीवर बोलवत नाहीत.

तेव्हा क्रू शोधत फिरू नकोस. अक्षर तयार कर आणि लोक लिहितात तिथे दिवसाउजेडी जाऊन उभा राहा.

क्रू ही गोष्ट का जन्माला आली ते माहीत असलं की त्यातले रीतिरिवाजही कळतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड या नावाने एक पोरगा शहरभर आपलं नाव लिहीत सुटला. न्यूयॉर्कमध्ये टाकी १८३ने तेच केलं. टाकी हे त्याच्या ग्रीक नावाचं घरगुती रूप, १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. तो निरोप आणि पाकिटं पोचवायची नोकरी करायचा, त्यामुळे जाईल तिथे नाव लिहून यायचा. २१ जुलै १९७१ला न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि नाव लिहिणारी पोरं सगळीकडे दिसायला लागली. गर्दी झाली की साधं नाव दिसेनासं होतं. मग अक्षर मोठं झालं, त्याला कड आली, पोटात रंग आला. फेज टू या रायटरने १९७२च्या सुमारास गुबगुबीत अक्षरं आणली. आजचा कुठलाही थ्रो-अप, म्हणजे झटपट काढलेलं फुगीर नाव बघ, तो त्याच घराण्यातला आहे. गाड्या रंगवायला रेल्वेच्या यार्डात रात्री जाणं एकट्याचं काम नव्हतं. एकाने पहारा द्यायचा, एकाने रंग भरायचा, डबे वाटून घ्यायचे, कुणी सापडलाच तर दुसऱ्याचं नाव सांगायचं नाही. या गरजेतून क्रू घट्ट झाले. १९७९ला सुरुवात करणारी लेडी पिंक त्या पुरुषी जगात गाड्या रंगवत होती, हे मला माझ्या सुरुवातीच्या काळात फार आधाराचं वाटायचं. १२ मे १९८९ला तिथल्या रेल्वे प्रशासनाने शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढल्याचं जाहीर केलं, तोवर हे सगळं जगभर पोचलेलं होतं.

मुंबईत गाड्यांचा तो काळ आलाच नाही, आणि येऊही नये. आपल्या लोकलच्या वरची तार २५,००० व्होल्टची आहे. तिला हात लागावाच लागतो असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज अंगावर येते. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला मेट्रोचा डबा रंगवल्यावरून चार इटालियन पकडले गेले, तेव्हा इथल्या काही पोरांना त्याचं भलतंच आकर्षण वाटलं होतं. आमच्याकडे यार्ड, रूळ आणि रेल्वेचा डबा हे तिन्ही वर्ज्य आहे, आणि त्यावर आम्ही कुणाशी वाद घालत नाही. कुठल्याही क्रूने 'तू किती धाडसाचा आहेस ते दाखव' म्हणून तुला सिग्नलच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर किंवा रुळांकडे पाठवलं, तर तिथून सरळ घरी ये. प्रवेशाचे पैसे मागणाऱ्यांकडूनही.

इथली गोष्ट वांद्र्याच्या गल्ल्यांत रुजली. चॅपल रोड, रणवार: बुटक्या भिंती, जुने बंगले, आणि विचारलं तर 'रंगव की' म्हणणारी माणसं. २००९च्या ऑगस्टमध्ये द वॉल प्रोजेक्ट या उपक्रमाच्या पुढाकाराने, महापालिकेच्या संमतीने, तुळशी पाइप रोडची रुळांलगतची लांबलचक भिंत शेकडो लोकांनी मिळून रंगवली. २०१४ला वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर चित्रकार रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळक्यांचं अवाढव्य चित्र केलं. २०१७ला स्टार्ट इंडिया या भित्तिचित्रांच्या संस्थेने ससून डॉकमध्ये मोठा कलाप्रकल्प भरवला, पुढे माहीम पूर्वेच्या इमारतींवर चित्रं आली. यातलं बहुतेक काम म्युरलचं, म्हणजे चित्राचं. नावं लिहिणाऱ्यांचा धंदा वेगळा. पण त्याने आमची वाट सोपी झाली. रंगलेली भिंत बघून आता कुणी पोलिसांना फोन करायला धावत नाही, आधी फोटो काढतं. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलताना हे फार उपयोगी पडतं.

माझ्या ओळखीतले रायटर कुठून आले म्हणशील तर एकसारखं कुणीच नाही. धारावीत बी-बॉइंग, म्हणजे ब्रेकडान्स करणाऱ्या, रॅप करणाऱ्या पोरांबरोबर हिंडता हिंडता एकाच्या हातात डबा आला. एकजण उपयोजित कलेचा विद्यार्थी. एक गणपती मंडळाच्या सजावटीत थर्माकोल कापून हात तयार झालेला. एकीने वर्षानुवर्षं गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेसाठी भल्यामोठ्या रांगोळ्या काढल्या होत्या, त्यामुळे मोठ्या आकाराची तिला भीतीच नव्हती. आणि एकाचे वडील बॅनर पेंटर. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम बसलं, पण घरात ब्रश राहिले, आणि अक्षराची कड एका दमात ओढायचा हात मुलाकडे आला. आमच्यात आजही सरळ रेघ त्याच्यासारखी कुणाची येत नाही. सांगायचं कारण, तुझ्याकडे आधीपासून जे असेल ते घेऊनच ये. मंडळात काम केलेल्या पोराला शिडी धरणं, वर्गणीचा हिशेब आणि रात्रीचं जागरण शिकवावं लागत नाही.

आता सुरुवात. पहिलं वर्ष वहीत घालव. आम्ही तिला ब्लॅक बुक म्हणतो. चांगल्या जाड कागदाची, बिनरेघांची कुठलीही वही चालेल. तीन-चार अक्षरांचं नाव घे, स्वतःचं खरं नाव किंवा आडनाव नको. ते दुसऱ्या कुणाचं नाही ना, हे आधी शोध. मग तेच नाव तिरप्या टोकाच्या मार्करने लिहीत राहा. टॅग म्हणजे सही, आणि ती एका दमात यायला हवी. कुठे थांबतोस, कुठे वळतोस, शेवट कुठे सोडतोस, हे हाताने ठरवायला लागेपर्यंत मोठ्या अक्षरांकडे वळू नकोस. त्यानंतर फुगीर अक्षरं, मग साधी ठोकळ्याची अक्षरं, आणि एकमेकांत गुंतलेली वाइल्डस्टाइल सगळ्यात शेवटी. गुंतागुंतीची अक्षरं बघून नवी पोरं तिथूनच सुरू करतात. बाण, तुकडे, सावल्या सगळं असतं, फक्त आत अक्षर नसतं. जाणत्या माणसाला हे लांबून दिसतं. आमच्यात अशा नवशिक्याला टॉय म्हणतात, आणि तो शिक्का पुसायला वेळ लागतो.

टॅग इंग्रजीत हवा असा कुठलाही नियम नाही. दिल्लीचा डाकू देवनागरीत लिहीत आला आणि त्यामुळे कित्येकांना धीर आला. पण देवनागरी अवघड आहे. का अवघड आहे ते नीट सांगते, कारण माझ्या मते मुंबईच्या रायटरने खरं काम इथे करायला हवं.

रोमन अक्षरं सुटी असतात. एकाच्या पाठीमागे दुसरं दडवता येतं, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटात घालता येतो. न्यूयॉर्कची सगळी शैली या सुटेपणावर उभी आहे. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. नवशिका आधी जाड आडवी पट्टी ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लावतो, त्यामुळे नाव दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं. वर सगळा भार, खाली नुसती लोंबकळ. तू शिरोरेषा शेवटी काढ. आधी अक्षरांची पोटं, दांडे, गाठी बसव, ती एकमेकांत रोव, त्यांचा तोल साध. मग शिरोरेषेचे तुकडे ज्या त्या अक्षराच्या कलाने वाकव. ती सलग असायलाच हवी असं नाही. तोडलीस तरी वाचणारा मनातल्या मनात जोडून घेतो. मात्र नावात भ किंवा ध असेल तर जपून. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक शिरोरेषेच्या त्या एवढ्याशा फटीत आहे. ती फट रंगात बुजली की नाव बदललं.

दुसरं म्हणजे, आपल्या अक्षराला वर आणि खाली हक्काची जागा आहे. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर, उकार खाली. रोमनमध्ये लिहिणारे अक्षराला जोर यावा म्हणून बाण जोडतात. आपल्याला वेलांटी आयती मिळालेली आहे. दीर्घ वेलांटीची शेपूट पूर्ण नावावरून मागे फिरवता येते, उकार खाली घसरवून पुढच्या अक्षराला आधार देता येतो. आमच्या क्रूमध्ये एकाने नावातला अनुस्वार एवढा मोठा केला की पूर्ण नाव त्याच्या सावलीत आलं, आणि ते शोभलं.

तिसरी अडचण उभ्या दांड्यांची. 'समाधान' असं नाव घेतलंस तर सहा उभे दांडे ओळीने येतात आणि डोळा प्रत्येकाशी अडखळतो. अशा वेळी एखादा दांडा तिरपा कर, एखादा अर्ध्यावर सोड, एखादा शेजाऱ्याच्या मागे घाल. किंवा मुळातच वळणदार अक्षरं निवड: क, झ, ठ, ढ, ह, ळ. मला स्वतःला ळ फार प्रिय आहे. कितीही फुगवा, दाबा, आडवा ताणा, ळ ओळखू येतो.

हा अभ्यास आपल्याकडे आधीच होऊन गेलेला आहे, फक्त भिंतीवर आलेला नाही. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतून आणि मासिकांच्या शीर्षकांतून अक्षराला नाटकाचा स्वभाव दिला. २०२०ला ते गेले, पण जुन्या अंकांत त्यांची अक्षरं बघायला मिळतात. संगणकावरचा मंगल हा टंक ज्यांनी घडवला त्या र. कृ. जोशींचं सुलेखन बघ. अच्युत पालवांचं बघ. आणि रस्त्यावर बघ: वर्सोव्याला, ससून डॉकला बोटींवर रंगवलेली नावं, टेम्पोच्या मागची अक्षरं, जुन्या दुकानांच्या पाट्या. ट ची गाठ कशी घेतली, ज्ञ कसा आवरला, हे तिथे हातभर अंतरावरून दिसतं. वहीत हवी तेवढी नक्कल कर. भिंतीवर दुसऱ्याचं वळण उचलून आणलंस तर त्याला बाइट करणं म्हणतात आणि ते ओळखलं जातंच.

डबा हातात आला की काही गोष्टी लगेच शिकून घे. बाजारात मिळणारे देशी किंवा थायलंडचे डबे बहुधा ४०० मिलिलिटरचे, किंमत २००-३०० रुपयांच्या घरात. ते मुळात गाडी, सायकल, लोखंडी कपाट रंगवण्यासाठी असतात, त्यामुळे त्यांचा दाब जास्त आणि फवारा रुंद. स्पेनच्या किंवा जर्मनीच्या खास ग्रॅफिटीसाठी बनवलेल्या डब्यांचा दाब हळू असतो, पण किंमत ऐकून तू परत जाशील. देशी डब्यावरच हात बसव. त्यावर बसलेला हात कुठेही चालतो. डबा आधी नीट हलव. आतली गोळी मोकळी वाजायला लागल्यावरही आणखी थोडा वेळ हलव, कारण तळाचा रंग उशिरा सुटतो. फवारा सुरू करायच्या आधी हात हलायला हवा, आणि हात थांबायच्या आधी बोट उचललेलं हवं. रंग ओघळतो तो या दोन क्षणांत. बारीक रेघ हवी तर भिंतीच्या जवळ आणि वेगात, मऊ कड हवी तर लांबून. रेघ मनगटातून काढू नकोस, खांद्यातून काढ. मोठं अक्षर काढताना पाऊलसुद्धा चालायला हवं. काम झालं की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाब, म्हणजे टोपी, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, तुंबत नाही. टोप्या थिनरमध्ये बुडवून जपून ठेव. बारीक रेघेची स्किनी आणि जाड फवाऱ्याची फॅट, एवढ्या दोन पुरेत.

एक डबा जेमतेम एक-दीड चौरस मीटर झाकतो. म्हणून शहाणा रायटर पार्श्वभूमी डब्याने मारत नाही. इमल्शन, त्यात रंग मिसळायला स्टेनर, आणि रोलर. डबा फक्त कड, छटा आणि चमकेसाठी. मुंबईत हीच पद्धत चालते, कारण आपल्याला महागडे डबे उधळणं परवडत नाही.

तोंडावर काय लावायचं हेही सांगते. कापडी मास्क किंवा एन-९५ने रंगाचे कण अडतात, वाफा अडत नाहीत. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. पहिल्या कमाईतून तो घे, डबे नंतर. बंद जिन्यात किंवा पुलाखाली कोंदट जागेत काम करू नकोस. डबे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नकोस, ते फुटतात. आणि डब्यांची पिशवी घेऊन लोकलमध्ये चढू नकोस: ज्वलनशील सामान नेणं हा रेल्वे कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि गर्दीच्या डब्यात एक डबा फुटला तर काय होईल याचा विचार कर. रिक्षा वाटून घ्या, कुणाची स्कूटर बघा.

आता भिंतीवरचा दिवस, म्हणजे क्रू प्रत्यक्षात काय असतो ते. आदल्या आठवड्यात कुणीतरी जाऊन भिंत बघून आलेला असतो. ओल आहे का, शेवाळ आहे का, जुना डिस्टेंपर बोटाला लागतो का. डिस्टेंपरवर मारलेला रंग पावसाळ्यात पापुद्र्यांनी निघतो, म्हणून तो खरवडून प्रायमर मारावा लागतो. सकाळी लवकर तारेचा ब्रश आणि पाणी. भिंत वाळेपर्यंत चहा आणि वह्या. मग रोलर. पार्श्वभूमी झाल्यावर ज्याचं त्याचं नाव कुठे येणार ते ठरतं, आणि इथे लक्ष देऊन बघ: मधली जागा कोण सोडतो, कडेची कोण मागून घेतो. अक्षरांचा कच्चा आराखडा फिक्या रंगात. त्यानंतर आत रंग भरणं, मग छटा, मग सावली, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी.

नवीन माणसाला भरायचं काम मिळतं. यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याचं अक्षर भरताना ते कुठे जाड होतं, कुठे आवळलं जातं हे हाताला जेवढं कळतं, तेवढं कुणी तोंडाने शिकवू शकत नाही. मी स्वतः असंच शिकले. एकदा ज्याचं अक्षर मी भरत होते त्या दादाने माझ्या हातातला डबा न घेता फक्त माझं कोपर वर उचललं. अक्षराची खालची कड तिथल्या तिथे सुधारली. क्रूचा उपयोग म्हणशील तर हा. तुझ्या अक्षरासमोर उभं राहून 'पोट ठीक आहे, पाय लुळा आहे' असं सांगणारी माणसं. फोटोखाली अंगठे मिळतात, त्यातून पाय लुळा आहे हे कळत नाही.

आता ज्यावरून क्रू फुटतात ते. दोन गोष्टी. पहिली, दुसऱ्याच्या कामावर जाणं, म्हणजे ते झाकून आपलं लिहिणं. साधारण रीत अशी की टॅगवर थ्रो-अप चालतो, थ्रो-अपवर पीस, म्हणजे सवडीने केलेलं मोठं रंगीत काम, चालतो, आणि पीसवर जायचं तर त्याहून सरस काम करायची तयारी हवी. मुंबईत जागा कमी, त्यामुळे हे होणारच. पण आधी निरोप पाठव, जुन्या कामाचा नीट फोटो काढ, आणि झाकायचं तर पूर्ण झाक. अर्धवट दिसणारं जुनं नाव हा अपमान समजतात. गेलेल्या माणसाच्या आठवणीत केलेल्या भिंतीला हात लावायचा नाही. आणि हे लक्षात ठेव, की क्रूचं नाव लावल्यावर तुझं भांडण तुझं एकट्याचं राहत नाही. तू कुणावर गेलास तर जाब क्रूमधल्या सगळ्यांना विचारला जातो.

दुसरी गोष्ट पैसा. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलते. क्रूचं नाव झालं की कॅफेवाले येतात, जाहिरातवाले येतात, शाळा येतात. एकाला फोन येतो, तो चौघांना घेऊन जातो, आणि पैसे आल्यावर कळतं की काहीच ठरलेलं नव्हतं. फोन ज्याला आला त्याचा वाटा जास्त? आराखडा ज्याने काढला त्याचा? तीन दिवस परांचीवर उभा राहिला त्याचा? आमच्याकडे आधी सामानाचे पैसे वेगळे काढतो, मग कामाच्या दिवसांप्रमाणे वाटणी करतो, आणि आराखडा काढणाऱ्याचा एक दिवस जास्त धरतो. प्रत्येकाची पद्धत वेगळी असेल, पण भिंतीला हात लावायच्या आधी ती ठरलेली आणि लिहून ठेवलेली हवी. भिंतीवर सही कुणाची, हेही. माझं ठाम मत आहे की जाहिरातीच्या भिंतीवर क्रूचं नाव सगळ्यांच्या होकाराशिवाय जाऊ नये. ते नाव सगळ्यांनी मिळून कमावलेलं असतं, ज्याला फोन आला त्याच्या मालकीचं नसतं. वीस वर्षांची मैत्री असलेली माणसं एका शटरच्या पैशांवरून बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे, त्यात ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४चा केंद्रीय कायदा वेगळा. टॅगिंगचा उगमच विनापरवाना आहे हे मी लपवत नाही, आणि रात्री लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी तुच्छ लेखत नाही. पण तुला माझा सल्ला विचारशील तर परवानगीची भिंत. तिथे दिवसभर उभं राहता येतं, चूक सुधारता येते, आणि अक्षर घाईत शिकता येत नाही. भिंत खासगी असेल तर मालकाचं किंवा सोसायटीचं लेखी पत्र घे, महापालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिस; तुझं भांडुप एस वॉर्डात येतं. पत्रात तारीख, भिंतीची जागा आणि काय काढणार ते असू दे, आणि त्याची प्रत कामाच्या वेळी खिशात ठेव. देवळं, मशिदी, चर्च, कब्रस्तानं, झाडं, किल्ले, लेणी आणि जुन्या दगडी इमारती यांच्याजवळ डबा न्यायचाच नाही. दगड रंग पितो, आणि तो काढताना दगड खराब होतो.

तुझ्याबरोबर एखादी मैत्रीण येणार असेल तर तिलाही हे वाचायला दे. मुली या कामात कमी आहेत, पण त्याचं कारण हात कमी पडतो हे नाही. भिंत कुठे आहे, जवळ स्वच्छतागृह आहे का, परतीची सोय काय, हे प्रश्न मुलगी आधी विचारते आणि बरेच क्रू त्यावर विचारच करत नाहीत. आमच्या क्रूने दिवसाच्या भिंती धरल्या, भिंत निवडताना हे प्रश्न आधी सोडवायला सुरुवात केली, तेव्हा मुली आल्या आणि टिकल्या. ज्या क्रूमध्ये हे विचारणारीला नाजूक ठरवतात, तिथे तिने राहू नये, आणि खरं तर तूही राहू नयेस.

राहिलं घर. घरी खरं सांग. लपवलंस तर रंगाचा वास आणि नखांतला काळा सगळं सांगतोच. आईवडिलांना परवानगीचं पत्र दाखव, एका रविवारी त्यांना भिंतीवर घेऊन ये. बहुतेक घरांत भीती असते ती पोलिसांची आणि वाया जाण्याची. भिंतीवर चहा घेऊन येणाऱ्या सोसायटीच्या आजी बघितल्या की त्यातली पहिली निम्मी होते. दुसरीसाठी तुला काम दाखवावं लागेल. भिंतींच्या कामात पैसा आहे पण तो नेमाने येत नाही, पावसाळ्याचे चार महिने तर जवळजवळ नाहीच, हे त्यांना तूच आधी सांग. अक्षरात खरंच रस असेल तर उपयोजित कलेच्या पदवीचा विचार कर. त्यासाठी राज्याची एएसी सीईटी द्यावी लागते, आणि तिथे अक्षरलेखन हा शिकण्याचा भाग असतो. डबे घरात ठेवणार असशील तर स्वयंपाकघरापासून आणि गॅसपासून लांब, सावलीत, उभे.

पावसाळा संपेपर्यंत वहीवर काम कर. ऑक्टोबरनंतर भिंती वाळतात आणि रविवारची कामं सुरू होतात. येशील तेव्हा जुने कपडे, पाण्याची मोठी बाटली आणि ती वही एवढं आण. वहीची पहिली पानं फाडू नकोस, आम्ही ती शेवटच्या पानांच्या शेजारी ठेवून बघतो.